खिडक्या, चिन्हे आणि माउस : चित्रमय पडद्याच्या पहिल्या संगणकांचा इतिहास

संगणक सुरू केला की पडद्यावर फायली आणि फोल्डरची छोटी चित्रे दिसतात. चित्रावर माउसने क्लिक केले की फाइल उघडते. नको असलेली फाइल ओढून कचरापेटीत टाकता येते. तीन-चार खिडक्या उघड्या ठेवून एकीतला मजकूर दुसरीत चिकटवता येतो. या पद्धतीला ‘ग्राफिकल युजर इंटरफेस’ किंवा थोडक्यात ‘जीयूआय’ म्हणतात. या लेखात आपण तिला चित्रमय पडदा म्हणू.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक वैयक्तिक संगणकांवर यातले काहीच नव्हते. काळ्या पडद्यावर एक लुकलुकणारा कर्सर असे. फाइलची नक्कल करायची तर आज्ञा, फाइलचे अचूक नाव आणि ती कोणत्या डिस्कवर आहे ते अक्षर, हे सगळे टाइप करावे लागे. एक अक्षर चुकले तरी काम अडे. ज्याला आज्ञा पाठ, त्याचाच संगणक, अशी स्थिती होती.

हा बदल कोणी घडवला, या प्रश्नाची ठरलेली उत्तरे आहेत. कोणी ॲपलचे नाव घेतो, कोणी झेरॉक्सचे, तर कोणी ‘झेरॉक्सने शोधले आणि ॲपलने चोरले’ असे सांगून मोकळा होतो. प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य आहे, पण त्यातून एक गोष्ट कळत नाही. माउस आणि खिडक्यांची कल्पना १९६८ सालीच लोकांसमोर आली होती आणि त्यावर चालणारा संगणक १९७३ साली तयार होता. मग ती घराघरांत आणि कार्यालयांत पोहोचायला १९९० का उजाडावे लागले? याचे उत्तर बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीत आहे : मेमरीची किंमत.

अक्षरांचा पडदा आणि ठिपक्यांचा पडदा

जुना पडदा चौकटींचा असे. आडवे ८० रकाने आणि उभ्या २५ ओळी, म्हणजे एकूण २००० चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर. कोणत्या चौकटीत कोणते अक्षर आहे, एवढेच संगणकाने लक्षात ठेवायचे. अक्षराचा आकार एका वेगळ्या चिपमध्ये आधीच साठवलेला असे. एका अक्षराला एक बाइट धरला, तर सबंध पडदा सुमारे २ किलोबाइट (केबी) मेमरीत मावत असे.

चित्र काढायचे तर चौकटी पुरत नाहीत. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, वेगळा हाताळावा लागतो. प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीतला एक बिट राखून ठेवायचा : बिट १ असेल तर ठिपका काळा, ० असेल तर पांढरा. या रचनेला बिटमॅप म्हणतात. खिडकी, चिन्ह, वेगवेगळ्या वळणाची अक्षरे, माउसचा बाण हे सारे बिटमॅपमुळे शक्य होते. पण ठिपके लाखांत असतात आणि मेमरीही तेवढीच लागते. या खर्चाचा हिशेब पुढच्या प्रत्येक यंत्राला चुकवावा लागला.

पाया : स्केचपॅड आणि एंगलबार्ट

१९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम तयार केला. प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून त्यात रेषा आणि आकृत्या काढता येत. संगणकाशी चित्रांतून व्यवहार करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातल्या डग्लस एंगलबार्ट यांचा. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना, माणसाच्या विचारशक्तीला संगणकाची जोड कशी देता येईल, हा त्यांचा ध्यास होता. पडद्यावरची जागा दाखवण्यासाठी त्यांनी एक साधन कल्पिले आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी ते १९६४ साली बनवले. ती एक लाकडी डबी होती आणि तिच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. मागून निघणारी वायर शेपटीसारखी दिसे, म्हणून नाव पडले माउस.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील संगणक परिषदेत एंगलबार्ट यांनी सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले. माउस, पडद्याचे भाग पाडून काम करणे, एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरावर उडी मारणारे दुवे, दूरच्या सहकाऱ्याशी चित्रासह संवाद, हे सारे प्रेक्षकांनी एकाच बैठकीत पाहिले. मात्र ज्या संगणकावर हे चालले होते तो मंचावर नव्हता. तो सुमारे ५० किलोमीटर दूर मेनलो पार्कमध्ये होता, आणि अनेकांनी मिळून वापरायचे ते मोठे यंत्र होते. माउसचे पेटंट १९७० साली संस्थेच्या नावे मंजूर झाले आणि १९८७ साली त्याची मुदत संपली. माउस घरोघरी पोहोचला तो त्यानंतर, त्यामुळे एंगलबार्ट यांच्या हाती त्यातून संपत्ती आली नाही.

झेरॉक्स आल्टो : एका माणसाला एक संगणक

फोटोकॉपी यंत्रांमुळे श्रीमंत झालेल्या झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो रिसर्च सेंटर, म्हणजे ‘पार्क’, ही प्रयोगशाळा सुरू केली. भविष्यातले कार्यालय कसे असेल, याचा शोध घेणे हे तिचे काम. एंगलबार्ट यांच्याकडचे काही लोकही पुढे इथे आले. बिल इंग्लिश त्यांपैकी एक.

इथे १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. यंत्राची रचना मुख्यतः चक थॅकर यांची होती. बटलर लॅम्पसन यांनी अशा यंत्राची गरज मांडली होती आणि ॲलन के यांना मुलांनाही वापरता येईल असा हलकाफुलका वैयक्तिक संगणक हवा होता. आल्टोचा पडदा कागदासारखा उभा होता : ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा.

आता हिशेब करू. ६०६ गुणिले ८०८ म्हणजे ४,८९,६४८ ठिपके, आणि तेवढेच बिट. ते होतात सुमारे ६० केबी. आल्टोची एकूण मेमरी होती १२८ केबी. म्हणजे जवळजवळ निम्मी मेमरी केवळ पडदा दाखवण्यात खर्च होत असे. त्या काळात प्रचलित असलेल्या मेमरी चिपमध्ये १ किलोबिट मावे. त्या हिशेबाने १२८ केबीला हजाराहून अधिक चिप लागतात. तुलनेसाठी, आठ वर्षांनी आलेल्या आयबीएम पीसीच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात एकूण मेमरी होती १६ केबी. आल्टोचा नुसता पडदाच तिच्या जवळजवळ चौपट मेमरी वापरत होता.

हा उधळेपणा जाणूनबुजून केलेला होता. मेमरी दर काही वर्षांनी स्वस्त होत जाणार, हे पार्कमधल्या संशोधकांना दिसत होते. उद्याचा स्वस्त संगणक कसा असेल हे शोधण्यासाठी त्यांनी आज महाग यंत्र बांधले.

त्यातून पुष्कळ काही निघाले. लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांच्या ‘ब्राव्हो’ या लेखन-प्रोग्राममध्ये पडद्यावर दिसे तसेच कागदावर छापले जाई. ‘स्मॉलटॉक’ या प्रणालीत एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या होत्या. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची आज रूढ असलेली पद्धत लॅरी टेस्लर यांच्या कामातून घडली. संगणक एकमेकांना जोडणारे ईथरनेट आणि लेझर प्रिंटर हेही इथलेच. आल्टो सुमारे २००० बनवले गेले, पण ते प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि काही सरकारी कार्यालयांपुरते राहिले. दुकानात ते कधी आलेच नाहीत.

झेरॉक्स स्टार : पडद्यावरचे टेबल

झेरॉक्सने बाजारात आणलेला संगणक म्हणजे २७ एप्रिल १९८१ रोजी जाहीर झालेला ‘स्टार’. पडदा म्हणजे कार्यालयातले टेबल, ही कल्पना यात पूर्णपणे उतरली. कागदाचे चित्र म्हणजे दस्तऐवज, फोल्डरचे चित्र म्हणजे फोल्डर, येणाऱ्या-जाणाऱ्या टपालासाठी ट्रे.

एका स्टारची किंमत १६,५९५ डॉलर होती आणि एकटा स्टार घेऊन भागत नसे. फायली साठवायला वेगळे यंत्र, छपाईला लेझर प्रिंटर आणि सगळ्यांना जोडणारे जाळे लागे. शिवाय बाहेरच्या प्रोग्रामरना त्यासाठी प्रोग्राम लिहिण्याची सोय नव्हती आणि यंत्र संथ होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी १,५६५ डॉलरपासून विकायला काढला. त्याचा पडदा अक्षरांचाच होता, तरी ग्राहक तिकडे वळले. झेरॉक्सला या संशोधनातून काहीच मिळाले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. लेझर प्रिंटरच्या धंद्यातून तिने उत्तम कमाई केली.

ॲपलची भेट : चोरी की सौदा?

डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स आणि त्यांचे सहकारी पार्कमध्ये आले. ते चोरून शिरले नव्हते. ॲपलचे शेअर बाजारात यायच्या आधी त्यांतले १,००,००० शेअर प्रत्येकी १० डॉलरला घेण्याची संधी झेरॉक्सला मिळाली होती, आणि त्या व्यवहारातून ही दारे उघडली. स्मॉलटॉकच्या गटातील अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांचा प्रणाली दाखवण्यास कडाडून विरोध होता. वरिष्ठांनी सांगितल्यावरच त्यांनी ती दाखवली.

ॲपलची पाटी तोवर कोरी होती, असेही नाही. ‘लिसा’ हा प्रकल्प आधीच सुरू होता आणि जेफ रस्किन यांनी १९७९ सालीच ‘मॅकिंटॉश’चे काम हाती घेतले होते. मात्र त्या भेटीने दिशा पक्की झाली. १९८० साली लॅरी टेस्लर पार्क सोडून ॲपलमध्ये गेले.

ॲपलने स्वतःची भरही घातली. पडद्याच्या वरच्या कडेला कायम असणारी आणि क्लिक केल्यावर खाली उलगडणारी मेन्यूची पट्टी लिसाच्या कामातून आली. स्टारमध्ये फाइल हलवायची तर कीबोर्डवरची वेगळी कळ दाबावी लागे. ॲपलने माउसने चिन्ह धरून ओढण्याची पद्धत रूढ केली. बिल ॲटकिन्सन यांची गोष्ट तर गमतीची आहे. एका खिडकीखाली अर्धवट झाकलेली दुसरी खिडकीही आपोआप नीट रंगवली जाते, असे पार्कमध्ये पाहिल्याचे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तिथली प्रणाली ते करत नव्हती. तिथे जमले आहे म्हणजे ते शक्य आहे, या समजुतीने त्यांनी मार्ग शोधला आणि तो सापडलाही.

लिसा : उत्तम, पण परवडेना

१९ जानेवारी १९८३ रोजी लिसा जाहीर झाली. ७२० बाय ३६४ ठिपक्यांचा पडदा, एका बटणाचा माउस आणि तब्बल १ मेगाबाइट मेमरी. एका वेळी अनेक प्रोग्राम उघडे ठेवता येत. किंमत होती ९,९९५ डॉलर. लहान कार्यालयांना ती झेपणारी नव्हती आणि मोठ्या कंपन्यांचा कल आयबीएमकडे होता. यंत्र संथही होते. लिसा बाजारात टिकली नाही, पण तिच्यासाठी लिहिलेला चित्रे रेखाटण्याचा प्रोग्राम, मेन्यू आणि माउस हे सारे पुढच्या यंत्राला मिळाले.

मॅकिंटॉश : काटकसरीचा संगणक

मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी आला. किंमत २,४९५ डॉलर. लिसाच्या पाव किमतीत हे कसे बसवले, याचे उत्तर पुन्हा मेमरीच्या हिशेबात आहे. पडदा ९ इंची, ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा. म्हणजे १,७५,१०४ बिट, सुमारे २१ केबी. एकूण मेमरी १२८ केबी, म्हणजे आल्टोएवढीच. आल्टोच्या काळात त्याला हजारभर चिप लागल्या असत्या. मॅकिंटॉशमध्ये ६४ किलोबिटच्या १६ चिप पुरल्या. अकरा वर्षांत जग बदलले होते ते इथे.

उरलेली काटकसर प्रोग्रामरांनी केली. खिडक्या, मेन्यू आणि रेखाटनाचे काम करणारा प्रोग्राम ६४ केबीच्या कायमस्वरूपी चिपमध्ये दाबून बसवला. सुझन केअर यांनी मोजक्या ठिपक्यांत चिन्हे आणि फॉन्ट रेखाटले. यंत्र सुरू होताना दिसणारा हसरा मॅक त्यांचाच.

काटकसरीची किंमत वापरणाऱ्याने मोजली. १२८ केबीत मोठा दस्तऐवज मावत नसे. फ्लॉपीची एकच खाच असल्याने नक्कल करताना दोन फ्लॉपी पुन्हा पुन्हा आलटूनपालटून घालाव्या लागत. त्याच वर्षी २५६ किलोबिटच्या चिप बसवलेला ५१२ केबीचा मॅक आला आणि यंत्राला श्वास घेता आला.

मॅकला खरे काम मिळाले ते १९८५ साली. ॲपलचा लेझर प्रिंटर, ॲडोबीची ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणि ‘पेजमेकर’ हा प्रोग्राम एकत्र आले. टेबलावर बसून पान जुळवायचे आणि लगेच छापायचे, म्हणजेच डीटीपी, सुरू झाले. ॲडोबीचे दोन्ही संस्थापक पार्कमधून आलेले होते. आणखी एक नोंद : त्या प्रिंटरमध्ये १.५ मेगाबाइट मेमरी होती, मॅकपेक्षाही जास्त. कारण तेच. अख्खे पान ठिपक्यांत साठवायचे होते.

इतर स्पर्धक

चित्रमय पडदा ही दोनच कंपन्यांची गोष्ट नाही. ‘व्हिजी ऑन’ ही प्रणाली १९८३ च्या अखेरीस आयबीएम पीसीसाठी आली; पण तिला ५१२ केबी मेमरी आणि हार्ड डिस्क लागत असल्याने ती चालली नाही. १९८५ साली अटारी ५२० एसटी हा ५१२ केबीचा संगणक कृष्णधवल मॉनिटरसह ७९९ डॉलरला मिळू लागला. त्याच वर्षी आलेल्या कमोडोर अमिगाला ४०९६ रंगांची छटासूची होती आणि एकाच वेळी अनेक कामे खरोखर चालवण्याची क्षमता होती. त्याची किंमत मॉनिटरशिवाय १,२९५ डॉलर होती.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘विंडोज’ची घोषणा केली, पण पहिली आवृत्ती यायला नोव्हेंबर १९८५ उजाडले. तिच्यात प्रोग्रामच्या खिडक्या एकमेकींवर येत नसत. फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसत. लोकांनी फारशी दखल घेतली नाही. २२ मे १९९० रोजी विंडोज ३.० आले तोवर कार्यालयांतल्या पीसींमध्ये मेगाबाइटच्या हिशेबात मेमरी येऊ लागली होती. लोकांकडे आधीच असलेल्या यंत्रावर चित्रमय पडदा चालू लागला आणि दोनेक वर्षांत त्याच्या सुमारे १ कोटी प्रती विकल्या गेल्या.

खटला : खिडकी कोणाच्या मालकीची?

मार्च १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि एचपी या कंपन्यांवर दावा लावला. विंडोजचे रूप मॅकवरून उचलले आहे, असे तिचे म्हणणे होते. अडचण अशी की १९८५ साली खुद्द ॲपलनेच मायक्रोसॉफ्टला काही दृश्यघटक वापरण्याचा परवाना दिला होता. वादातल्या १८९ घटकांपैकी १७९ घटक त्या परवान्यात बसतात, असे न्यायालयाने ठरवले. उरलेल्यांपैकी बहुतेक घटकांवर कोणाचा एकाधिकार मानता येणार नाही, असाही निष्कर्ष निघाला. १९९४ साली अपिलातही ॲपल हरली. दरम्यान १९८९ साली झेरॉक्सने ॲपलवर दावा केला होता. त्यातले बहुतेक मुद्दे १९९० साली फेटाळले गेले.

या निकालांमुळे खिडकी, चिन्ह आणि मेन्यू ही कोणा एका कंपनीची मिरास राहिली नाही. आज फोनपासून एटीएमपर्यंत सगळीकडे ती दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

एका नजरेत

- झेरॉक्स आल्टो, १९७३ : मेमरी १२८ केबी, विक्रीसाठी नव्हता
- झेरॉक्स स्टार, १९८१ : १६,५९५ डॉलर
- ॲपल लिसा, १९८३ : मेमरी १ मेगाबाइट, ९,९९५ डॉलर
- ॲपल मॅकिंटॉश, १९८४ : मेमरी १२८ केबी, २,४९५ डॉलर
- अटारी ५२० एसटी, १९८५ : मेमरी ५१२ केबी, ७९९ डॉलर
- कमोडोर अमिगा १०००, १९८५ : मेमरी २५६ केबी, १,२९५ डॉलर

आणि मराठी?

सुरुवातीचा चौकटींचा पडदा आठवा. इंग्रजीसाठी तो पुरेसा होता, कारण तिथे प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत सुटे बसते. देवनागरीचे तसे नाही. वेलांटी आणि मात्रा डोक्यावर जातात, उकार खाली लोंबतो, रफार पुढच्या अक्षरावर चढतो आणि जोडाक्षरांची रुंदी वेगवेगळी असते. सारख्या मापाच्या चौकटी आणि फार तर २५६ ठरलेले आकार यांत ‘र्‍हस्व’, ‘दीर्घ’, ‘कृष्ण’ असे शब्द नीट बसवणे अवघड होते.

त्यावर भारतात एक वेगळा उपाय निघाला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान कार्डाच्या रूपात मिळे. ते पीसीच्या आत बसवले की अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या प्रोग्राममध्येही देवनागरी लिहिता-वाचता येई.

ठिपक्यांच्या पडद्याने ही अडचण मुळातूनच सोडवली. तिथे प्रत्येक अक्षर हे एक चित्रच असते, मग ते रोमन असो वा देवनागरी. विंडोज आणि मॅकवर मराठी फॉन्ट आले आणि वेगळ्या कार्डाशिवाय मराठी डीटीपी सुरू झाले.

पण पडद्यावर ‘क’ दिसला म्हणजे संगणकाला तो ‘क’ असल्याचे कळले, असे होत नाही. प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने आपले वेगळे संकेत ठरवले. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक खुणा दिसत. अक्षराचा आकार आणि अक्षराची ओळख वेगळी करायला युनिकोड लागले. १९९१ साली आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणसंकेतावर आधारलेली होती. अक्षर दाखवण्याचा प्रश्न चित्रमय पडद्याने सोडवला. ते साठवण्याचा, शोधण्याचा आणि दुसऱ्याकडे जसेच्या तसे पोहोचवण्याचा प्रश्न युनिकोडने. हा लेख तुमच्या पडद्यावर मराठीत वाचता येतो, तो या दोन्हींमुळे.